चार्टर वैमानिकाचा दिवस आणि एक ‘नाही’

कॅडेट मित्रांनो,

शाळेत आलो की तुम्ही मला ठरलेले तीन प्रश्न विचारता. विमानात कोण कोण बसलं? किती देश पाहिले? पगार किती? पहिल्याचं उत्तर मी देत नाही, कारण प्रवाशाचं नाव बाहेर न सांगणं हा आमच्या कामाचाच भाग आहे. देश पुष्कळ पाहिले, पण बहुतेक ठिकाणी विमानतळ, हॉटेल आणि त्या दोघांमधला रस्ता एवढंच पाहिलं. पगाराचं तुम्ही मोठे झालात की बोलू. या कामात सगळ्यात अवघड काय असतं, हे मात्र आजवर कुणी विचारलं नाही. या लेखात मी त्याच प्रश्नाचं उत्तर देणार आहे.

चार्टर म्हणजे काय?

रोजच्या प्रवासी विमानाला वेळापत्रक असतं. विमान ठरल्या वेळी निघतं आणि प्रवासी त्याच्या वेळेनुसार येतात. चार्टरमध्ये उलट असतं. एखादी व्यक्ती किंवा संस्था अख्खं विमान भाड्याने घेते आणि तिच्या वेळेनुसार विमान निघतं. उद्योजक, निवडणुकीच्या प्रचाराला निघालेले पुढारी, लग्नाची मंडळी, अत्यवस्थ रुग्ण आणि त्याच्यासोबतचे डॉक्टर असे सगळे आमचे प्रवासी असतात. आपल्याकडे अशी सेवा चालवायला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, वेगळा परवाना लागतो.

छोट्या जेटमध्ये सहा ते नऊ प्रवासी बसतात. पुढे कॅप्टन आणि को-पायलट असे दोघेच असतात. बहुतेक वेळा हवाई सुंदरी नसते. सामान चढवणं, पट्टे कसे बांधायचे ते सांगणं, कॉफीचा थर्मास भरून ठेवणं, प्रवासी उतरल्यावर खुर्च्यांखालचा कचरा उचलणं ही सगळी कामं आम्ही दोघंच करतो. हवाई दलात माझ्यामागे जमिनीवर केवढी माणसं राबत होती, हे मला इथे आल्यावर कळलं.

दिवसाची सुरुवात

रात्री साडेनऊला फोन येतो : उद्या पहाटे साडेचारला निघायचं. अंगात पीटीची सवय असली की या फोनने जीव दडपत नाही. पण पहिला हिशोब झोपेचा असतो. वैमानिकाने किती तास काम करायचं आणि मध्ये किती विश्रांती घ्यायची, हे नियमाने बांधलेलं आहे. वर्षात १००० तासांपेक्षा जास्त उड्डाण करता येत नाही. विश्रांती पुरी झाली नसेल तर फोनवरच ‘जमणार नाही’ म्हणायचं. दिवसातला पहिला ‘नाही’ इथे येऊ शकतो.

दुसरा हिशोब घड्याळाचा. जगभरचे वैमानिक यूटीसी ही एकच वेळ वापरतात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे १० तारखेला पहाटे ४.३० ला निघणाऱ्या विमानाच्या कागदावर ९ तारीख आणि २३.०० ही वेळ असते. तारीख चुकली की परवानगीही चुकते.

विमानतळावर पोचल्यावर श्वासाची चाचणी होते. उड्डाणाआधी १२ तास मद्याला स्पर्श करायचा नाही आणि यंत्रावर आकडा शून्यच हवा. त्यानंतर आम्ही हवामानाचा अहवाल, पुढच्या काही तासांचा अंदाज आणि नोटॅम वाचतो. नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठी काढलेली तातडीची सूचना : कुठली धावपट्टी बंद आहे, कुठले दिवे बिघडलेत, कुठे लष्कराचा गोळीबाराचा सराव आहे. उड्डाणाच्या आराखड्याला हवाई संरक्षणाच्या मंजुरीचा क्रमांकही लागतो. तो हवाई दलाकडून येतो. पुणे, लेह, श्रीनगर, चंदीगड, जोधपूर हे सारे विमानतळ हवाई दलाचे तळ आहेत, आणि गोव्याचा दाभोळी नौदलाचा. त्यामुळे तिथे आम्ही पाहुणे असतो आणि यजमानाचे नियम पाळतो.

इंधनाचं गणित

हे गणित वहीत मांडून पाहा. हिशोब सोपा व्हावा म्हणून समजा, आपलं जेट तासाला ४०० किलो इंधन जाळतं आणि प्रवास दीड तासाचा आहे.

प्रवासासाठी ६०० किलो.
अंदाज चुकला तर, त्याच्या ५ टक्के, म्हणजे ३० किलो.
मुक्कामी उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळ गाठायला, सुमारे ४० मिनिटांचे, २७० किलो.
शेवटची राखीव शिल्लक, ३० मिनिटांची, २०० किलो.
जमिनीवर धावपट्टीपर्यंत जायला ५० किलो.
एकूण ११५० किलो.

शेवटच्या ३० मिनिटांच्या शिल्लकीला हात लावायची वेळ येणार असं दिसलं, तर जेट वैमानिकाला ‘मेडे फ्युएल’ अशी आणीबाणी जाहीर करावी लागते. म्हणजे ते इंधन टाकीत असतं, पण वापरायचं नसतं. तुमच्यातले काही जण पुढे लढाऊ विमानं चालवतील. त्यांना ‘बिंगो’ हा शब्द भेटेल. इंधन त्या आकड्यावर आलं की हातातलं काम कितीही महत्त्वाचं असो, परत फिरायचं. हा आकडा जमिनीवर, शांत डोक्याने ठरतो. आकाशात तो फक्त पाळायचा असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग टाकी काठोकाठ का भरत नाही? कारण इंधनालाही वजन आहे. बहुतेक छोट्या जेटमध्ये सगळ्या खुर्च्या, सगळं सामान आणि पूर्ण टाकी या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. जड विमानाला उडायला आणि थांबायला जास्त धावपट्टी लागते. लग्नाच्या मंडळींना दोन बॅगा खाली ठेवायला सांगणं हाही एक ‘नाही’च असतो, आणि तो ऐकून कुणी खूश होत नाही.

लेहचं उदाहरण घ्या. हा विमानतळ समुद्रसपाटीपासून १०,६८२ फूट उंचावर आहे. एवढ्या उंचीवर प्रमाण हवामानात हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७२ टक्के असते. पंखांना तितकाच आधार मिळवायला विमानाला प्रत्यक्षात सुमारे १८ टक्के जास्त वेगाने उतरावं लागतं. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा सुमारे ३८ टक्क्यांनी वाढते. भौतिकशास्त्राच्या तासाला ‘याचा उपयोग काय’ असं विचारणाऱ्यांनी हा परिच्छेद परत वाचावा. लेहला दुपारनंतर वारा उठतो, त्यामुळे तिथली उड्डाणं मुख्यतः सकाळीच आटोपतात. प्रवाशाची बैठक लांबली म्हणून तिथला वारा थांबत नाही.

वाट पाहणे

हवेत जातो त्यापेक्षा आमचा जास्त वेळ वाट पाहण्यात जातो. प्रवासी उतरताना ‘दोन तासांत येतो’ म्हणतात आणि सहा तासांनी येतात. तोवर आम्ही परतीचं हवामान पुन्हा पाहतो, इंधन पुन्हा मोजतो, विमानाभोवती पुन्हा फेरी मारतो. कधी प्रवाशांना सोडून रिकामं विमान परत आणायचं असतं. मुलाचा वाढदिवस आणि घरचा गणपती चुकला, असं किती वेळा झालं ते मी मोजणं सोडलं आहे.

या वाट पाहण्यातच खरा धोका तयार होत असतो. निघायला उशीर झाला की तो वेळ कुठून तरी भरून काढावा, असं सगळ्यांनाच वाटू लागतं.

अभ्यासासाठी एक घटना : ॲस्पेन, २००१

२९ मार्च २००१. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसहून कोलोरॅडो राज्यातल्या ॲस्पेनला एक चार्टर जेट निघणार होतं. विमान गल्फस्ट्रीम ३ जातीचं होतं. त्यात १५ प्रवासी आणि ३ कर्मचारी होते. ॲस्पेनचा विमानतळ ७,८०० फुटांच्या आसपास, डोंगरांनी वेढलेल्या दरीत आहे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने तिथे रात्रीची बंदी लागू व्हायची. त्या दिवशी ती वेळ संध्याकाळी ६.५८ ही होती.

प्रवासी उशिरा आले. विमान ठरल्यापेक्षा ४१ मिनिटं उशिरा निघालं. नव्या हिशोबाने ते ६.४६ ला पोचणार होतं, म्हणजे हातात १२ मिनिटं उरली. विमान दुसरीकडे न्यावं लागेल असं कळल्यावर चार्टर घेणारा ग्राहक संतापला होता. त्याची नाराजी वैमानिकांपर्यंत पोचली होती.

ॲस्पेनला बर्फाच्या सरी सुरू होत्या. आधीच्या काही विमानांना धावपट्टी दिसली नाही, म्हणून ती वर निघून गेली. धावपट्टी दिसल्याशिवाय ज्या उंचीच्या खाली जायचं नाही, ती उंची या वैमानिकांनी ओलांडली. सात वाजून सुमारे दोन मिनिटांनी विमान धावपट्टीच्या अलीकडे डोंगरउतारावर आदळलं. १८ पैकी कुणीही वाचलं नाही.

चौकशी मंडळाने मुख्य कारण तेच सांगितलं : पुरेशी दृश्य खूण नसताना किमान उंचीच्या खाली उतरणं. त्या पद्धतीने रात्री उतरण्याबद्दलचा नोटॅम संदिग्ध होता, हेही नोंदवलं. आणि हातभार लावणाऱ्या कारणांमध्ये स्पष्ट लिहिलं की ग्राहकाकडून, आणि उशिरा झालेलं प्रस्थान व रात्रीची बंदी यांमुळेही, कॅप्टनवर दबाव आला होता.

दोन्ही वैमानिक अनुभवी होते आणि विमान चालत होतं. त्यांची एक चूक हवेतली होती, ती चौकशीत आली. पण माझ्या मते सुरुवात त्याआधी, १२ मिनिटांच्या त्या हिशोबापाशी झाली. आज आपण ॲस्पेनला उतरणार नाही, असं म्हणायची सगळ्यात सोपी जागा लॉस एंजेलिसच्या जमिनीवर होती. पुढच्या प्रत्येक मिनिटाला ते म्हणणं अवघड होत गेलं.

माझी एक संध्याकाळ

आता माझं सांगतो. काही वर्षांपूर्वी, डिसेंबर महिना. दिल्लीहून मध्य भारतातल्या एका छोट्या धावपट्टीवर एका प्रवाशाला न्यायचं होतं. तिथे रात्रीचे दिवे नव्हते, यंत्रांच्या मदतीने उतरायची सोय नव्हती, आणि एका बाजूला टेकडी होती. सूर्यास्त ५.४० ला. आमच्या कंपनीचा नियम असा की अशा ठिकाणी सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी चाकं जमिनीला लागली पाहिजेत. म्हणजे ५.१०. उड्डाण १ तास २५ मिनिटांचं, म्हणून ३.४५ ला धावपट्टी सोडायला हवी. दिल्लीला जमिनीवर २० मिनिटं जातात. तेव्हा ३.२५ ला दार बंद. मी सकाळीच हा आकडा कागदावर लिहिला, को-पायलटला दाखवला आणि प्रवाशाच्या माणसाला फोन करून सांगितला. त्यानंतर आलात तर नागपूरला उतरू, तिथे गाडी तयार ठेवा, हेही सांगितलं.

प्रवासी ४.०५ ला आले. वाटेत वाहतूक अडली होती. पायऱ्यांपाशीच त्यांनी सांगितलं, “कॅप्टन, वडील शेवटच्या घटका मोजतायत. धावपट्टीपासून घर दहा मिनिटांवर आहे. नागपूरहून तीन तास लागतील.”

मी हिशोब केला. ५.५० ला पोचलो असतो, सूर्यास्तानंतर दहा मिनिटांनी. माझा को-पायलट हुशार मुलगा होता. तो हळूच म्हणाला, “सर, डोळ्यांनी पाहून उडायची मुभा सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपर्यंत असते. आपण दहा मिनिटं आतच आहोत.” त्याचं म्हणणं बरोबर होतं. आपल्या देशात तो नियम तसाच आहे. मला मोह झाला. माझेही वडील गेले तेव्हा मी दूर होतो.

मी म्हटलं, “सर, आपण नागपूरला जातोय.”

ते चिडले. विमान मी भाड्याने घेतलंय, म्हणाले. मग आवाज खाली आणून विनंती केली. विनंती नाकारणं रागावलेल्या माणसाला नकार देण्यापेक्षा फार जड गेलं. विमानात ते एक शब्द बोलले नाहीत. नागपूरला उतरलो, गाडी उभी होती, ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी कळलं की ते पोचायच्या आधीच वडील गेले होते. त्या घरातून मला परत कधी फोन आला नाही, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही केला नसता.

त्या संध्याकाळी ५.५० ला त्या धावपट्टीवर काय दिसलं असतं? कदाचित सगळं स्वच्छ दिसलं असतं आणि आम्ही आरामात उतरलो असतो. कदाचित हिवाळ्यातल्या धुरकटात टेकडीही दिसली नसती. मला ते कधीच कळणार नाही. ‘हो’ म्हणून चुकलेल्याच्या चुकीचा अहवाल निघतो, जसा ॲस्पेनचा निघाला. ‘नाही’ म्हणणाऱ्याला मात्र तो बरोबर होता याचा पुरावा कधी मिळत नाही. समोरच्या माणसाचं नुकसान तेवढं दिसतं, टळलेलं काहीच दिसत नाही. तुम्ही मला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. या कामात सगळ्यात अवघड हे आहे.

यातून काय घ्यावं

पहिलं, मर्यादा आधी ठरवा. दमलेलं डोकं, समोर उभा माणूस आणि पळणारं घड्याळ असताना ठरवलेली मर्यादा सरकत जाते. मला त्या दिवशी पायऱ्यांपाशी नव्याने काही ठरवायचं नव्हतं. सकाळी लिहिलेला कागद फक्त पाळायचा होता. तरीही ते अवघड गेलं. कागद नसता तर मी कदाचित गेलो असतो.

दुसरं, मर्यादा आधीच सांगून ठेवा. प्रवाशाला सकाळीच ‘नंतर आलात तर नागपूर’ हे माहीत होतं. म्हणूनच तिथे गाडी उभी होती. नकारासोबत दुसरी वाट देता आली पाहिजे.

तिसरं, नियमात बसतं ते सगळं सुरक्षित असतंच असं नाही. वीस मिनिटांचा नियम साऱ्या देशासाठी आहे. त्या टेकडीचा आणि त्या धुरकटाचा विचार कॅप्टनलाच करायचा असतो. विमानाबद्दलचा शेवटचा निर्णय त्याचा, असं नियमच म्हणतो.

चौथं को-पायलटबद्दल. त्याने मला प्रश्न विचारला, हे त्याने योग्यच केलं. उतरल्यावर आम्ही तासभर त्यावर बोललो. उलटं झालं असतं, मी जायला निघालो असतो आणि त्याला धोका दिसला असता, तर त्याने तितक्याच मोकळेपणाने मला अडवायला हवं होतं. शिस्त म्हणजे वरिष्ठासमोर गप्प बसणं, अशी समजूत शाळेतून घेऊन जाऊ नका.

या वाटेने यायचं असेल तर

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान वय १८ वर्षं, किमान २०० तासांचं उड्डाण, डीजीसीएच्या लेखी परीक्षा आणि प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी लागते. त्यानंतर ज्या जातीचं विमान चालवायचं त्याचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. पुढे नोकरीभर ठरावीक काळाने परीक्षा होतच राहते : सिम्युलेटरमध्ये एक इंजिन बंद करून ठेवतात आणि तुम्ही काय करता ते पाहतात. माझ्यासारखे काही जण संरक्षण दलांतून निवृत्त होऊन येतात. गणित आणि भौतिकशास्त्र पक्कं करा. इंग्रजी स्पष्ट बोला. आणि झोप गांभीर्याने घ्या.

प्रेपमध्ये सोडवा

१. तुमचं विमान १ जानेवारीला भारतीय वेळेनुसार पहाटे ३.४५ ला निघणार आहे. उड्डाणाच्या कागदावर कोणती तारीख, कोणतं वर्ष आणि कोणती यूटीसी वेळ लिहाल?

२. दिवे नसलेल्या धावपट्टीवर सूर्यास्त ६.२० ला आहे. सूर्यास्ताच्या ३० मिनिटं आधी उतरायचं आहे. उड्डाण १ तास १० मिनिटांचं, जमिनीवरचा वेळ १५ मिनिटं. विमानाचं दार उशिरात उशिरा किती वाजता बंद व्हायला हवं?

३. वरच्या प्रसंगात कॅप्टन तुम्ही असता, तर काय केलं असतं? वर्गात दोन गट करा आणि दोन्ही बाजू मांडा. नागपूरला उतरू नये असं मांडणाऱ्या गटाला हसू नका. त्यांच्या बाजूने एक मुलगा आणि त्याचे वडील आहेत, हे ध्यानात ठेवूनच उत्तर द्या.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पुढच्या भेटीत तपासीन. तिसऱ्याचं उत्तर माझ्याकडेही पूर्ण नाही. तुमचं लिहून पाठवा, मला वाचायचं आहे.

जय हिंद!